माळरानावर कंपन्या कशा आल्या?

२०२५च्या मे महिन्यात माझे धाकटे मामा चार दिवसांसाठी आमच्याकडे आले होते. देवगिरीने दुपारी सिकंदराबादला उतरले आणि लोकलने लिंगमपल्लीला आले. मी स्टेशनवर घ्यायला गेलो तेव्हा एका हातात आंब्यांची पेटी होती आणि दुसऱ्या हातात निळी प्लॅस्टिकची फाइल. पेटी त्यांनी माझ्याकडे दिली. फाइल मात्र घरी येईपर्यंत काखेतच होती.

मामा नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. बी-बियाणांचं दुकान आहे. दोनदा नगरसेवक होते. तेव्हा तिथल्या नगरपालिकेवर प्रशासक होता, पण निवडणूक आज ना उद्या लागणार, म्हणून गावात तयारी सुरू होती. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी फाइल उघडली. आत बसस्टँडमागच्या दीड एकरावर होणाऱ्या ‘आयटी पार्क’चं रंगीत चित्र होतं. दोन मजली इमारत, समोर कारंजं, रस्त्यावर भली मोठी कमान.

“तू इतकी वर्षं त्या हायटेक सिटीत काम करतोस,” मामा म्हणाले. “मला एवढंच सांग, तुमच्याकडे कंपन्या आल्या त्या कशा आणल्या? आणि आमच्याकडे का येत नाहीत?”

हा प्रश्न नुसता निवडणुकीचा नव्हता. माझा मामेभाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. निकाल लागला की तो पुण्याला नाहीतर हैदराबादला जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मामीसमोर कुणी बोलत नव्हतं.

मला त्या रात्री काही उत्तर देता आलं नाही. मी कोड लिहितो. ज्या इमारतीत बसून लिहितो ती तिथे का आहे, असा विचार पंधरा वर्षांत केला नव्हता. म्हणून मामांना रविवारी फिरवायचं ठरवलं, आणि त्या निमित्ताने माझाही थोडा अभ्यास झाला. तोच तुमच्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी निम्मे लोक याच भागात नोकरीला आहेत, आणि बऱ्याच जणांचे मामा-काका मराठवाड्यात हाच प्रश्न विचारत असतील.

सायबर टॉवर्स आपण रोज पाहतो, त्यामुळे आता कुणी मान वर करून बघत नाही. दहा मजल्यांची ती गोलाकार इमारत आजूबाजूच्या काचेच्या डोंगरांपुढे लहानच वाटते. मामा तर म्हणाले, “हीच का ती?” हीच ती. २२ नोव्हेंबर १९९८ला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हा इथे खडक, बाभळी आणि माधापूर नावाचं खेडं होतं. हा भाग हैदराबाद महापालिकेच्या हद्दीतही नव्हता. शेरीलिंगमपल्ली ही वेगळी नगरपालिका होती, कुकटपल्ली वेगळी. १६ एप्रिल २००७ला अशा बारा नगरपालिका जोडून ग्रेटर हैदराबाद महापालिका झाली. म्हणजे जगभरच्या कंपन्या पहिल्यांदा आल्या त्या हैदराबाद शहरात नाही, तर शहराबाहेरच्या एका नगरपालिकेत आल्या. हे कळल्यावर मामांचा चेहरा उजळला. नगरपालिका म्हटलं की त्यांना आपली वाटते.

मी घाईने सांगितलं की सगळं काही त्या नगरपालिकेने केलेलं नाही. मागे राज्य सरकार होतं, चंद्राबाबू नायडू होते. १९९७मध्ये बिल गेट्स भारतात आले तेव्हा नायडूंनी त्यांच्यापुढे लॅपटॉपवर सादरीकरण केलं आणि दहा मिनिटांची ठरलेली भेट लांबत गेली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं विकास केंद्र हैदराबादेत सुरू केलं. मार्च २०००मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनही इथे येऊन गेले. ही बाजू सर्वांना ठाऊक आहे आणि प्रत्येक गावच्या पुढाऱ्याला तीच आवडते, कारण तिच्यात एक नेता, एक पाहुणा आणि एक फोटो असतो.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो इमारतीमागचा हिशोब. सायबर टॉवर्स सरकारने एकट्याने बांधली नाही. एल अँड टी आणि राज्याचं औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळ यांची मिळून कंपनी काढली. सरकारचा वाटा लहान होता, मुख्यतः जमिनीच्या रूपाने, आणि पैसा व जोखीम मोठ्या प्रमाणात एल अँड टीची. इमारत रिकामी राहिली तर नुकसान बांधणाऱ्याचंही होतं, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायची गरज दोघांना होती. दुसरं म्हणजे आतली जागा तयार होती. वीज, जनरेटर, डेटा लाइन, वातानुकूलन, कँटीन, सगळं जोडलेलं. पन्नास माणसांच्या कंपनीला जमीन घ्या, नकाशा मंजूर करा, बांधा, असं तीन वर्षं थांबावं लागलं नाही. भाडं भरा आणि सोमवारी कॉम्प्युटर मांडा. आमच्या कंपनीतले एक ज्येष्ठ सहकारी त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे होते. ते सांगतात, बाहेर चहा प्यायला टपरी नव्हती, संध्याकाळी सातनंतर ऑटो मिळत नव्हता, पण आत लाइट जात नव्हती. त्या काळी आंध्रात उन्हाळ्यात वीज कपात नेहमीची होती. आयटी कंपन्यांना सरकारने त्यातून सूट दिली होती. जमिनीच्या किमतीतली सवलत किती नोकऱ्या दिल्या त्यावर ठरायची. इमारत किती सुंदर आहे यावर नाही.

मामांनी फाइलवर बोट ठेवून विचारलं, “म्हणजे कमान नको?” मी म्हटलं, कमान असू द्या हो, पण जनरेटर आधी.

तिथून आम्ही मेट्रो पकडली. मला मामांना अमीरपेट दाखवायचं होतं, कारण माझ्या दृष्टीने हैदराबादचं खरं उत्तर तिथे आहे. हायटेक सिटी होण्याआधी इथल्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या बेगमपेट-अमीरपेट भागात होत्या. सरकारचं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कही अमीरपेटच्या मैत्रीवनम इमारतीत होतं. त्याच मैत्रीवनमच्या आसपास आदित्य ट्रेड सेंटर आणि त्या गल्ल्यांमध्ये शिकवण्यांची जी जत्रा भरली, ती आजही उठलेली नाही. भिंतीवर इंचभर जागा नसते. जावा, टेस्टिंग, ओरॅकल, आता क्लाउड आणि एआय. पत्रकं वाटणारी मुलं हातात कागद कोंबतात. एका हॉलमध्ये दोनशे खुर्च्या, तेलुगू-इंग्रजी मिसळून शिकवणारे सर, आणि फी कॉलेजच्या मानाने चिल्लर.

२०१०मध्ये नांदेडहून बीई करून मी इथेच आलो. सत्यमचा घोटाळा ७ जानेवारी २००९ला उघड झाला तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. “आता हैदराबाद संपलं,” असं आमचे एक प्राध्यापक वर्गात म्हणाले होते. वर्षभरात मी एसआर नगरच्या एका खोलीत चौघांबरोबर राहत होतो आणि सकाळी साडेसहाच्या जावा बॅचला पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून सहाला वही ठेवून येत होतो. त्याच काळात तेलंगणाचं आंदोलन पेटलं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०११मध्ये ‘सकल जनुला सम्मे’ हा संप ४२ दिवस चालला. बस बंद, शाळा बंद. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. शेअर ऑटोत सहावा माणूस म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर बसून गच्चीबावलीला जात असे.

एवढं सगळं झालं तरी कंपन्या गेल्या नाहीत. सत्यम एप्रिल २००९मध्ये टेक महिंद्राने घेतली. बंद झाले, राज्य फुटलं, सरकारं बदलली. २०१३-१४ला तेलंगणाच्या भागातून साधारण ५७ हजार कोटी रुपयांची आयटी निर्यात होत होती आणि सव्वातीन लाख लोक कामाला होते. २०२२-२३ला निर्यात २ लाख ४१ हजार कोटींवर आणि नोकऱ्या ९ लाखांवर गेल्या. माझं मत असं की सवलतींमुळे कंपनी येते, पण टिकते ती माणसांमुळे. उद्या तीस जावावाले हवेत म्हटलं तर परवा अमीरपेटच्या एका गल्लीतून शंभर अर्ज येतात, ही सोय दुसऱ्या गावी नेता येत नाही. अमीरपेटचं नियोजन कुणी केलं नव्हतं. सरकारने त्याला सवलत दिल्याचं मी ऐकलेलं नाही. फक्त कुणी ते मोडलंही नाही.

नियोजन झालं ते शिक्षणाच्या वरच्या टोकाला. १९७४मध्ये स्थापन झालेलं हैदराबाद विद्यापीठ गच्चीबावलीच्या माळावर होतंच. १९९८ला त्याच परिसरात ट्रिपल आयटी सुरू झाली, सरकार आणि उद्योग मिळून, नफ्यासाठी नाही अशा पद्धतीने. सुरुवातीला काही मोठ्या कंपन्या कॅम्पसमध्येच आपली प्रशिक्षण केंद्रं चालवत होत्या. डिसेंबर २००१मध्ये इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचं उद्घाटन झालं. पुढे २०१५मध्ये नवउद्योगांसाठीचं टी-हब सुरू झालं तेही ट्रिपल आयटीच्याच आवारात. म्हणजे एक संस्था उभी केली तर सतरा वर्षांनी तिच्या अंगणात दुसरी रुजते. आपल्याकडे पाच वर्षांत निवडणूक येते, ही अडचण आहे खरी.

हा प्रकार आयटीपुरता नाही. बालानगरला केंद्र सरकारचा आयडीपीएल हा औषध कारखाना होता. तिथे काम केलेले डॉ. अंजी रेड्डी पुढे बाहेर पडले आणि १९८४मध्ये त्यांनी डॉ. रेड्डीज सुरू केली. हैदराबादच्या औषध उद्योगातल्या कितीतरी लोकांची मुळं आयडीपीएलमध्ये सापडतात. कारखाना स्वतः आजारी पडला, पण माणसं तयार करून गेला. महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर पिंपरी बघा. १९५४ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीला आली तेव्हा ते पुण्याबाहेरचं गावच होतं. मग १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले. १९७०मध्ये नगरपालिका झाली, १९७२ला नवनगर विकास प्राधिकरण, आणि १९८२ला महापालिका. वाढत्या गावाला दर दहा वर्षांनी नवीन मापाचे कपडे शिवले गेले. ते नेहमी अंगाला बसले असं नाही, पण शिवले तरी.

हिंजवडीबद्दल मात्र पुण्यातले माझे मित्र कळवळून बोलतात. कंपन्या आयटी पार्कात, आजूबाजूची वस्ती ग्रामपंचायतीत, रस्ता एकाचा, पाणी दुसऱ्याचं, विकास आराखडा तिसऱ्याचा. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं, पार्क सुरू होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. हैदराबादने इथे थोडी हुशारी दाखवली. २००१मध्येच सायबराबादसाठी वेगळं विकास प्राधिकरण आणि वेगळा आराखडा केला. पुढे पोलीस आयुक्तालयही वेगळं झालं. औद्योगिक वसाहतींमध्ये परवानगी आणि कर गोळा करण्याचे अधिकार महामंडळाच्या स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आणि करातला ठरलेला हिस्सा तिथल्या स्थानिक संस्थेला मिळेल अशी सोय केली. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी कुणाचं दार वाजवायचं, हे कंपनीला माहीत असणं ही फार मोठी गोष्ट असते. २०१४मध्ये तेलंगणाने टीएस-आयपास कायदा केला. मोठ्या प्रकल्पाला पंधरा दिवसांत आणि बाकीच्यांना तीस दिवसांत परवानगी, उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड, आणि मुदत उलटली तर मंजुरी मिळाली असं समजायचं. मामांना हे वाक्य मी दोनदा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की विश्वास बसला नाही. एका शेडच्या परवानगीसाठी सव्वा वर्ष हेलपाटे घातलेला माणूस आहे तो.

सुरक्षिततेचा मुद्दा माझ्या बायकोने जोडला, आणि तो मला सुचलाच नसता. ती टेस्टिंगमध्ये आहे. तिचं म्हणणं, “तुम्ही दोघं रस्ते, वीज, जमीन एवढंच बोलताय. रात्री अकराला शिफ्ट सुटल्यावर मुलगी घरी पोचते का, हे कंपनीचा एचआर आधी विचारतो.” बरोबर आहे. कंपन्या आणि सायबराबाद पोलीस यांनी मिळून २००६मध्ये सायबराबाद सिक्युरिटी कौन्सिल स्थापन केली. महिलांसाठीच्या मोफत शटल बसही त्यांच्याच. २०१४मध्ये शी टीम्स आल्या. आयटीत मुलींचं प्रमाण इतर उद्योगांपेक्षा जास्त आहे. ज्या गावात संध्याकाळी सातनंतर मुलगी रस्त्यावर दिसली तर चौकशा सुरू होतात, त्या गावात कंपनीला निम्मी माणसं मिळत नाहीत. मामांनी फाइलच्या मागच्या पानावर पेनाने ‘रस्त्यावरचे दिवे, बसस्टँड ते कॉलेज’ असं लिहून घेतलं. चार दिवसांत त्यांनी लिहून घेतलेलं ते पहिलं वाक्य.

अमीरपेटहून आम्ही तसेच पुढे नागोलपर्यंत गेलो. मेट्रोची निळी लाइन पश्चिमेला रायदुर्ग आणि पूर्वेला नागोल अशी जवळजवळ २९ किलोमीटर आहे. नागोलकडचा भाग नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाला, हायटेक सिटीपर्यंत ती मार्च २०१९ला पोचली आणि रायदुर्गला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. म्हणजे मेट्रो आधी पूर्वेला आली. पूर्वेकडे उस्मानिया विद्यापीठ आहे, तारनाक्याला आयआयसीटी, हब्सीगुड्याला सीसीएमबी आणि एनजीआरआय. देशातले उत्तम शास्त्रज्ञ तिथे बसतात. तरी सकाळी नऊला मेट्रोचे डबे पश्चिमेकडे खचाखच भरून जातात आणि उलट दिशेला बसायला जागा मिळते. कामाची ठिकाणं एका बाजूला साठली.

असं का झालं? पूर्वेला उप्पल-नाचारमला जुने कारखाने, लहान लहान प्लॉट आणि खासगी मालक होते. पश्चिमेला सरकारच्या ताब्यात सलग मोठी जमीन होती, खडकाळ, शेतीला फारशी उपयोगाची नाही. अधिकारी आणि उद्योगपती राहतात ते बंजारा हिल्स-ज्युबिली हिल्स त्याच बाजूला. मालकाला घरापासून वीस मिनिटांवर ऑफिस हवं असतं, हे कुठल्याही अहवालात छापत नाहीत, पण मला ते कारण खरं वाटतं. मग मार्च २००८मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला, त्याच वर्षाअखेर बाहेरच्या रिंगरोडचा गच्चीबावली-शमशाबाद हा पहिला टप्पा खुला झाला, आणि तराजू पुरता झुकला. १५८ किलोमीटरचा तो रिंगरोड सगळ्या बाजूंनी गेला, पण सुरुवात जिथून झाली तिथे फायदा मोठा झाला. आता सरकार लोकांना पूर्वेकडे वळवायचा प्रयत्न करतंय. २०२०मध्ये त्यासाठी ‘ग्रिड’ नावाचं धोरण आणलं. इन्फोसिसचा मोठा कॅम्पस पोचारमला आहेच. पण एकदा पायवाट पडली की माणसं तिथूनच चालतात. एकच बाजू वाढवली तर पुढे तीच बाजू गळ्याशी येते, हे नियोजन करणाऱ्याने आधी ओळखायला हवं होतं.

कारण किंमत मोजावी लागतेच. ऑगस्ट २०२३मध्ये कोकापेटच्या लिलावात एका एकराला १०० कोटींच्या वर भाव गेला. मामांनी तीन वेळा विचारलं, “लाख की कोटी?” कोटी. आता या भावात कुणी पन्नास माणसांची कंपनी काढेल का? ज्या छोट्या कंपन्यांसाठी सायबर टॉवर्स बांधली, त्यांनाच हा भाग परवडेनासा झालाय. आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये रोज टँकर येतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्यावरून भांडणं होतात. १९०८च्या मुसीच्या पुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. त्यांच्या पाणलोटातल्या ८४ गावांत मोठी बांधकामं नकोत असा १११ क्रमांकाचा आदेश १९९६मध्ये निघाला. २०२२मध्ये ती बंधनं उठवायचं सरकारने ठरवलं. आणि मामा आले त्याच्या महिनाभर आधी कंचा गच्चीबावलीचं प्रकरण झालं होतं. विद्यापीठाला लागून असलेल्या ४०० एकरांवर आयटीसाठी जागा काढायला जेसीबी लागले, झाडं पडली, मोर ओरडतानाचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं.

त्या काळात ऑफिसात फार विचित्र वाटायचं. मी ज्या इमारतीत बसतो तिथेही कधीतरी झाडी आणि मोर असणारच. माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचं ऑफिस पण जंगल तोडून केलंय का?” मी म्हटलं, हो. ती पुढे काही बोलली नाही, टीव्ही बघत बसली.

शेवटच्या दिवशी मामांनी मुद्द्यालाच हात घातला. “हे सगळं राजधानीचं झालं रे. आमच्या तीस-पस्तीस हजार वस्तीच्या गावाने काय करायचं?”

त्यांना मी निजामाबादचं सांगितलं. नांदेडच्या शेजारचं, मामांच्या पाहुण्यारावळ्यांतलं गाव. तेलंगणाने करीमनगर, खम्मम, निजामाबाद, महबूबनगर अशा जिल्ह्याच्या ठिकाणी आयटी टॉवर बांधले. करीमनगरचा २०२०मध्ये, निजामाबादचा २०२३मध्ये सुरू झाला. कल्पना चांगली होती. त्या त्या जिल्ह्यातून अमेरिकेला गेलेल्या लोकांना म्हणायचं की तुमच्या कंपनीची वीस माणसं गावाकडे बसवा, जागा आम्ही देतो. माझ्या मते यातली किल्ली टॉवर नव्हे, ती यादी आहे. कोण कुठे गेलंय, कोण परत वीस खुर्च्या टाकू शकतो. मामांच्या गावातून पुण्यात, हैदराबादेत आणि परदेशात गेलेले इंजिनिअर कितीतरी असतील. त्यांची यादी नगरपालिकेकडे नाही. गणपतीच्या वर्गणीसाठी मात्र सगळ्यांचे नंबर मंडळाकडे असतात.

शिवाय कंपनी म्हणजे आयटीच, हा हट्ट कशाला? त्यांच्या तालुक्यात सोयाबीन आहे, हळद आहे. हळद वसमत-नांदेडकडून सांगलीला आणि निजामाबादला जाते. निवडणं, पॉलिश करणं, दळणं, पॅक करणं यासाठी आयटी पार्क लागत नाही. शेड, तीन फेजची खात्रीची वीज, ट्रक वळेल एवढा रस्ता, आणि अन्नसुरक्षेचा परवाना काढून देणारा एक माणूस लागतो. नल्लगंडल्यात आपल्यातल्याच एक ताई पुरणपोळ्यांचा व्यवसाय करतात, सणाला हजार-हजार पोळ्या जातात. त्यांनी मला सांगितलं होतं, सुरुवातीला सगळ्यात जड गेलं ते पोळ्या करणं नव्हे, कुठला कागद कुठे द्यायचा ते कळणं. नगरपालिकेत एक टेबल असं ठेवा की नवीन धंदा काढणाऱ्याला तिथेच सगळं सांगतील आणि तारीख देतील. याला कमानीपेक्षा कमी पैसे लागतील.

दीड एकराचं काय करायचं यावर मात्र आमचं जमलं नाही. मी म्हटलं, इमारत नंतर, आधी दहा खोल्या भाड्याने घ्या, भरल्या तर बांधा. मामा म्हणाले, “भाड्याच्या खोल्यांचं उद्घाटन करायला मंत्री येत नसतो, आणि मंत्री आला नाही तर डांबर पडत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना गाव माझ्यापेक्षा चांगलं कळतं. १९९८ला वाजपेयी आले तेव्हा माधापूरच्या रस्त्यावर डांबर पडलंच असेल की.

मामा परत गेले. जुलैत मामेभाऊ आला. सध्या आमच्या हॉलमध्ये झोपतो, सकाळी मियापूरहून मेट्रो पकडून अमीरपेटला जातो. क्लाउडची बॅच आहे. मामीचा रोज रात्री फोन येतो, आधी माझ्या बायकोशी बोलतात, मग त्याच्याशी. तो म्हणतो, नोकरी कुठेही मिळो, दोन-तीन वर्षं अनुभव घेऊन घरूनच काम करायचं. माझ्या वेळी हा पर्यायच नव्हता. त्याला मी एकच विचारलं, तुझ्याकडे दिवसातून किती वेळा लाइट जाते? तो हसला आणि म्हणाला, “दादा, मोजलं नाही कधी.”

गेल्या रविवारी मामांचा फोन आला होता. चित्रातलं कारंजं त्यांनी काढायला लावलं, कमान ठेवली आहे. बाहेरगावी गेलेल्या इंजिनिअरांची यादी करायला घेतली, आत्तापर्यंत त्रेसष्ट नावं झाली. आणि एमआयडीसीच्या फीडरवर गेल्या वर्षभरात वीज किती वेळा आणि किती वेळ गेली, याची नोंद त्यांनी लेखी अर्ज करून मागितली आहे. ती अजून आलेली नाही.